नवतपात गच्चीवर बसावं कसं

समजा, तुमचे पुण्याचे साडूभाऊ सहकुटुंब दोन दिवसांसाठी नागपूरला येणार आहेत. येण्याआधीच त्यांनी एक रील पाठवलंय आणि त्याखाली 'सनी सिटी गेटअवे' असं लिहिलंय. अशा वेळी घाबरून जाऊ नका. खाण्यापिण्याचं नंतर पाहू, पण 'सनी'च्या बाबतीत आपलं शहर कुणाला काही कमी पडू देत नाही. माझं परवाच्या रविवारी एका गच्चीवरच्या रेस्टॉरंटात हे सगळं भोगून झालंय. मानेवरची सालं अजून निघून राहिली आहेत, तेवढ्यात चार सल्ले देऊन ठेवतो.

सगळ्यात आधी मुहूर्त. डिसेंबरात कुणीही येतो. तेव्हा संत्री असतात, ऊन अंगाला गोड लागतं, फुटाळा तलावावर फल्ली सोलत बसता येतं. त्यात काय मर्दुमकी? खरा रसिक २५ मेनंतर येतो. सूर्य रोहिणीत शिरला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला, की तिकीट काढावं. पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला गेल्यावर छाती फुगवून सांगावं, की ३० मे २०२४ला आमच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले होते. पुढं हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला, तो सांगू नये. तसंही त्या दिवशी बाहेर फिरलेल्या एकाही नागपूरकराला ते यंत्र बिघडलेलं वाटलं नव्हतं. बिचारं उन्हात उभं होतं आणि मनातलं बोलून गेलं.

जागा गच्चीवरचीच घ्या. तोंड पश्चिमेला हवं. मेन्यूत 'सनडाऊनर अवर्स' साडेपाचला सुरू होतात. मे अखेरीस आपल्याकडे सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमारास, म्हणजे सव्वा तास तो थेट तुमच्या डोळ्यांत पाहत बसतो. याला 'व्ह्यू' म्हणतात.

आणि डिझाइन! डिझाइनकडे पाहायला शिका, राजेहो. भिंतीला गिलावा केलेला नाही, विटा उघड्या आहेत, वरून वायरी लोंबताहेत. पूर्वी असं घर दिसलं की लोक हळहळायचे, 'स्लॅबपर्यंत आले आणि पैसे संपले वाटतं.' आता त्याला 'इंडस्ट्रियल' म्हणतात. फरशी काळी, टेबलं काळी, खुर्च्या लोखंडी आणि त्याही काळ्या. लोखंडाला काळा रंग देऊन दिवसभर नागपूरच्या उन्हात ठेवलं की काय होतं, हे आपल्याकडे चौथीतलं पोट्टंही सांगेल. आर्किटेक्टला सांगता आलं नसावं. आमचे साडूभाऊ हाफपँट घालून आले होते. त्यांचं बसणं आणि उठणं ही एकच क्रिया झाली. रात्री बर्नॉल लावताना पाहिलं, तर मांडीवर खुर्चीच्या जाळीचे चौकोन उमटले होते, अगदी रेखीव. डिझाइन अंगाला लागणं म्हणतात ते हेच असावं.

माझ्या सासऱ्यांचा महाल भागात जुना वाडा आहे. हातभराहून जाड मातीच्या भिंती, मधे चौक, वर कौलं. खिडकीत कूलर, त्याच्या ताट्यांत वाळा खोचलेला. भर दुपारी तिथं पाय टाकला की डोळे मिटायला लागतात. पण त्याला कुणी डिझाइन म्हणत नाही. माणसाला झोप लागते तिथं कसलं आलंय डिझाइन!

पाण्याचे तुषार उडवणारे पंखेही होते बरं का त्या गच्चीवर. दोन. दोन्ही फोटोच्या भिंतीकडे तोंड करून.

स्वच्छतागृहाच्या एका दारावर लिंबाचं चित्र, दुसऱ्यावर संत्र्याचं. कोणतं कुणाचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या सासूबाई पाच मिनिटं दोन्ही फळांकडे आळीपाळीनं पाहत उभ्या राहिल्या आणि शेवटी "अंदर कोणी हाय का?" अशी हाळी देऊन संत्र्यात शिरल्या.

मेन्यू कागदावर मागू नका, अडाणी समजतात. टेबलावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र असतं, त्यावर फोन धरायचा. आमचा फोन म्हणाला, 'तापमान वाढलं आहे, फोन थंड होऊ द्या.' त्या गच्चीवर थंड होण्याची परवानगी मिळालेला तो एकटाच.

कॉकटेलचं नाव 'झिरो माइल'. आपल्या झिरो माइलच्या खांबाजवळ चार घोडे आहेत, म्हणून पेल्याच्या काठावर प्लास्टिकचे चार छोटे घोडे अडकवलेले. मेहुणीनं तीन बाजूंनी फोटो काढेपर्यंत बर्फाचं पाणी झालं, दोन घोडे आत पडले आणि पालथे तरंगायला लागले. वर्णनात लिहिलं होतं, 'ताज्या नागपुरी संत्र्याच्या रसासह.' मी वेटरला विचारलं, बाबू, मे अखेरीस ताजं संत्रं कुठून आणलं? आंबिया बहाराची फळं थंडीतच संपतात. मृग बहाराची तोडणी फेब्रुवारी-मार्चात उरकते. आत्ता काटोल-नरखेडच्या बागांत जाऊन पाहा, मृगाचा बहार धरणाऱ्यांनी पाणी तोडून झाडं ताणावर सोडलेली आहेत. ज्या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या महिन्यात तुमच्या पेल्यात आलं असेल तर पावडरीच्या रूपानंच. पोरगा चांगला होता. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "काका, पाकीटच आहे."

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा तिकडचे पाहुणे आले तर चवीबद्दल त्यांचं मत विचारू नये. ते कशालाही छान म्हणतात.

खायला 'तर्री पोहा, डीकन्स्ट्रक्टेड' मागवा. मार्टिनीच्या पेल्यात पोहे, बाजूला लाकडी स्टँडमध्ये काचेची परीक्षानळी, तिच्यात तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा. हरभरे मी मोजले, नऊ होते. किंमत तीनशे चाळीस रुपये. म्हणजे कस्तुरचंद पार्कवर सकाळी ज्या तर्रीचा दुसरा डोंगा पोहेवाला न मागता वरून ओततो, ती इथं थेंबानं घ्यायची, खोकल्याच्या औषधासारखी. 'सावजी टाको'ही होता. हलबा कोष्ट्यांच्या घरातली ती चव. मसाल्यात खसखस, जवस, सुकं खोबरं, रस्सा काळा, वर तेलाचा तवंग. तो खाताना नाक पुसायला रुमाल लागतो. यांनी त्यात क्रीम घातलं होतं. मी इतकंच म्हणेन, की सावजी खाऊन ज्याच्या कानातून वाफ निघत नाही, त्यानं दुसरंच काहीतरी खाल्लेलं असतं.

सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, मागवू नका. मेन्यूत तिचं 'कोरिएंडर सिगार' झालंय आणि एका ताटलीत दोनच येतात.

आता पाणी.

नागपूरच्या उन्हाळ्यात चांगल्या ठिकाणी बसून पाणी मागणं हा गावंढळपणा आहे, हे घरातल्या थोरांना आधीच समजावून आणा. मी ते केलं नव्हतं. सासूबाई पंच्याहत्तरीच्या. पाठ नसलेल्या उंच स्टुलावर पाय अधांतरी सोडून, पदरानं वारा घेत बसलेल्या. म्हणाल्या, "जावईबापू, पाणी भेटन का इथं?" मी वेटरला सांगितलं, साधं पाणी दे. तो म्हणाला, "सर, रेग्युलर वॉटर आपण ठेवत नाही. अल्कलाइन आहे, काचेच्या बाटलीत." केवढ्याला? "दोनशे दहा." किती पाणी? "साडेसातशे मिली." सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण आकडे बरोबर ऐकू येतात. त्या म्हणाल्या, "मी काही दारू नाही मागून राहिली बापा, पाणी मागून राहिली."

मॅनेजर आले. कोट घालून, एसीतून. हसून म्हणाले, "सर, आमची पॉलिसी आहे."

पाणी ठेवत नाही! मग पेले कशानं धुता? बर्फ कशाचा करता? त्या दोन पंख्यांतून भिंतीवर काय उडवून राहिले, गुलाबजल? भिंतीला पाणी आहे, भिंतीवरच्या प्लास्टिकच्या वेलींना आहे, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला नाही? मी अजून उपरोधिकच लिहितोय असं समजा. प्रयत्न तरी तसा चाललाय.

तेव्हा त्याच वेटरनं ताटल्या उचलता उचलता सांगितलं, "काका, खाली चौकात प्याऊ आहे." मी मुलीच्या पिशवीतली बाटली घेतली आणि तीन मजले उतरलो. चौकात सिग्नलवर हिरवी जाळी ताणलेली, तिच्याशेजारी हातभर सावलीत दोन रांजण, लाल कापड गुंडाळून ओले केलेले. एक आजोबा लांब दांड्याच्या ओगराळ्यानं रिक्षावाल्यांच्या ओंजळीत पाणी ओतत होते. माझी बाटली भरली, वर म्हणाले, "आधी तुम्ही प्या नं, मग न्या." प्यालो. त्या पाण्याला वाळ्याचा वास होता. वर आलो, तर लिफ्टच्या दारातल्या गार्डनं बाटली अडवली. बाहेरचे खाद्यपदार्थ व पेये आणण्यास मनाई आहे. मी म्हटलं, अरे, पाणी आहे. तो म्हणाला, "समजतं साहेब, पण कॅमेऱ्यात दिसलं तर माझा दिवस कापतात." त्यानं ती बाटली टेबलाखाली ठेवली. तिच्याशेजारी तशाच आणखी पाच-सहा बाटल्या होत्या, एक तर बाळाची, निपलवाली.

मग काय, दोनशे दहाच्या दोन घेतल्या. चारशे वीस. आकडासुद्धा कसा नेमका जुळून आला पाहा.

बिलाचा सल्ला थोडक्यात. खाली सर्व्हिस चार्ज असतो, १० टक्के. तो आपोआप लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२लाच सांगितलं, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मी हे मॅनेजरना तारखांसकट ऐकवलं. ते म्हणाले, "सर, सिस्टीममधून तो निघत नाही." म्हणजे त्या दोन बाटल्यांवरही बेचाळीस रुपये सेवा. पाणी न देण्याची सेवा. जाताना त्या वेटरला विचारलं, यातलं तुला किती मिळतं रे? तो नुसताच हसला. काळं जॅकेट, गळ्यापर्यंत बटणं, कानामागून घामाची धार कॉलरमध्ये चाललेली. दुपारी बारापासून त्या काळ्या फरशीवर उभा होता पोट्टा.

आणि आपण काय केलं? आपण रील केलं. माझ्याच टेबलावर झालं, म्हणून सांगतो. मेहुणीनं त्या पोराला तीन वेळा पेला परत आणून ठेवायला लावला, कारण ठेवतानाचा हात नीट येत नव्हता. मी गप्प बसलो, पाहुणे म्हणून. शेजारच्या टेबलावर भिसीच्या बाया होत्या. त्यांनी वीस बाटल्या मागवल्या, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. वाढदिवसवाल्यांनी केक त्याच्याच जॅकेटला पुसला. सगळे आपलेच लोक, धरमपेठ, रामदासपेठ, मनीषनगरचे, ज्यांच्या दारात उन्हाळाभर पोस्टमन आला, सिलिंडरवाला आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं होतो. घरी असताना होतो. गच्चीवर गेलं की आपल्याला पाणी मागायची लाज वाटते, किंमत विचारायची लाज वाटते, चटका बसला तर खुर्ची तापली आहे म्हणायचीही लाज वाटते. कशाची लाज वाटते तुम्हाला? माठातलं पाणी पिऊन मोठे झालात नं? मग परत पाठवा ती बाटली. टेबलावरचे दहा जण मिळून पाठवा. बिलावरची ती ओळ पेनानं कापा आणि उरलेले पैसे द्या. नाही निघत सिस्टीममधून, तर सिस्टीम बदला म्हणावं.

आणि मालक, तुम्हीही ऐका. तुम्ही काही परदेशातून आलेले नाहीत. गेटवरचा तुमचा फोटो पाहिला मी, आपल्या इतवारी बाजारातलेच दिसता. तुमच्या आजोबांनी उन्हाळ्यात दुकानासमोर रांजण ठेवलाच असेल, इतवारीत कोण ठेवत नव्हतं? दिवसभर तापणाऱ्या गच्चीवर लोखंडाच्या खुर्च्या मांडताना एकदा स्वतः बसून पाहायचं होतं, तेही हाफपँटीत. त्या पोरांना सुती सदरे द्या, आळीपाळीनं सावलीत बसू द्या, गार्डचा दिवस कापणं बंद करा. डिझाइन नंतर पाहू. आणि पाणी ठेवा, साधं, रांजणातलं. हवं तर पुदिन्याचं पान टाका वर, काठावर ते चार घोडे लावा, 'झिरो माइल' म्हणून मेन्यूत छापा आणि पुढं किंमत लिहा शून्य. पण म्हाताऱ्या माणसानं मागितलं की आधी पाणी आणून द्या.