पदवीचा रकाना आणि १९२ मतं

विधानसभेची निवडणूक लागली की एक खेळ ठरलेला. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतला शिक्षणाचा रकाना कुणीतरी उचलतं, यादी करतं आणि व्हॉट्सॲपवर सोडून देतं. अमुक दहावी नापास, तमुक बारावी. खाली खदाखदा हसणारे इमोजी. हा रकाना आपल्याला बघायला मिळतो तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे, आणि तो असायलाच हवा. खोटी पदवी लावणाऱ्याला पकडायला कामाचा आहे. पण त्यावरून आमदार जोखायचा, हे मला पटत नाही.

राज्यघटनेनं आमदारकीला किमान २५ वर्षांचं वय सांगितलंय, शिक्षणाची अट घातलेली नाही. वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण जेमतेम. पण १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं ते त्यांच्याच सरकारनं. (त्या कॉलेजांचं पुढे काय झालं यावर भांडायचं असेल तर वेगळी पोस्ट टाकतो.)

आता सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, घ्या. ते तर वकील. म्हणजे यादीवाल्यांच्या हिशेबात पास. १९६२ ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अकराव्यांदा. मतदारसंघ तोच, पक्षही तोच. एसटीनं फिरणारा आमदार ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की मी परत सांगत नाही.

मला त्यांच्या अकरा विजयांपेक्षा दोन पराभवांत जास्त रस आहे.

पहिला १९७२ चा. आबा पडले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो भीषण दुष्काळ. सांगोला मुळातच कोरडा, पावसाच्या भरवशावर जगणारा तालुका. अशा वेळी हातात आमदारकी नाही. १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी त्यांना परत पाठवलं. दुसरा पराभव १९९५ चा, अवघ्या १९२ मतांनी. एखाद्या वाडीनं फिरवलेली निवडणूक. तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता, नाहीतर मोठ्या पक्षाचं दार ठोठावलं असतं. शेकापमधून काँग्रेसमध्ये जायची वाट तर केशवराव जेधे, यशवंतराव मोहिते अशा दिग्गजांनी कधीच मळवून ठेवली होती. आबा गेले नाहीत. १९९९ ला त्याच पक्षाकडून उभे राहिले, निवडून आले, मंत्रीही झाले. दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागणाऱ्या चळवळीत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं ते होतेच. पडल्यावर माणूस कुठे जातो आणि काय करतो, हे कुठल्याच प्रतिज्ञापत्रात नसतं. मी मत देताना तेच बघतो.

भक्त म्हणून लिहीत नाहीये, एक गोष्ट खटकतेच. अर्धं शतक एकच चेहरा राहिला आणि शेवटी तिकीट घरातच गेलं. पक्ष राज्यभर आटत गेला आणि सांगोला हा त्याचा बुरूज होऊन बसला. नव्या कार्यकर्त्यानं कुठे बघायचं?

२०१९ ला आबा थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ ला आबा गेले, वय ९४. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले, शेकापचे राज्यातले एकमेव आमदार म्हणून. दोन्ही नातवांच्या नावाआधी डॉक्टर, म्हणजे यादीवाले खूश.

आणि गंमत बघा. आजोबांना १९२ मतांनी आणि नातवाला ७६८ मतांनी हरवणारा माणूस एकच, शहाजीबापू पाटील. मधल्या काळात आबांसमोर ते कितीदा तरी पडले आणि तरी परत उभे राहिले. हो, तेच, 'काय झाडी, काय डोंगार'वाले. उभ्या महाराष्ट्राला त्यांची ती एक फोनवरची क्लिप पाठ आहे, पण त्या पराभवांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.