‘पेशंट रात्रभर त्रास देत होता’ असं ओव्हरमध्ये सांगण्याआधी

रात्रीचे अडीच. सत्तरीतले आजोबा कठड्यावरून पाय टाकून उतरू पाहतायत, सलाईनची नळी ओढतायत, हात धरला तर फटका मारतायत. सकाळी पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला ओव्हर (पेशंटची माहिती) देताना या सगळ्याचं एक वाक्य होतं: ‘पेशंट इरिटेबल होता, अजिबात कोऑपरेट करत नव्हता.’ ऐकणारी मान डोलावते, पुढच्या बेडकडे वळते.

या वाक्यावर माझा आक्षेप आहे. संध्याकाळी सहाला घरच्यांशी नीट बोलणारा माणूस रात्री अडीचला सिस्टरला शिव्या देत असेल, तर मधल्या आठ-साडेआठ तासांत त्याच्या शरीरात काहीतरी बिघडलंय, असंच आधी धरून चालायला हवं. त्याचा स्वभाव काय ते नंतर बघू. आणि ते बिघडलेलं शोधू शकेल असं माणूस त्या वेळी वॉर्डात एकच जागं असतं, ते म्हणजे नर्स.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली आपला न्यूज-२ हा तक्ता काढला; पेशंटच्या नोंदींना गुण देऊन तब्येत बिघडतेय का ते त्यातून ओळखतात. त्यात ‘नव्याने आलेला गोंधळ’ ही नोंद घातली आणि तिला थेट ३ गुण दिले. श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त झाला तरी ३च गुण मिळतात. म्हणजे ‘मला घरी जायचंय, तुम्ही मला इथे का डांबलंय’ म्हणून ओरडणारा आणि मिनिटाला २६ श्वास घेणारा, या दोघांसाठी डॉक्टरला सारख्याच घाईने बोलवायचं. आपण दुसऱ्यासाठी पळतो आणि पहिल्यावर ओरडतो.

अशा वेळी हात धरायला माणसं गोळा करण्याआधी दोन-तीन मिनिटं काढून काय बघायचं, ते लिहिते.

सगळ्यात आधी श्वास आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. बोटं नाडीवर ठेवायची आणि नजर छातीवर, कारण आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. मग ऑक्सिजनची नळी भिंतीपासून नाकापर्यंत नजरेने तपासा. मास्क हनुवटीखाली आलेला असतो, नळी पलंगाच्या चाकाखाली चेपलेली असते, ह्युमिडिफायरच्या बाटलीचं झाकण तिरकं बसल्याने ऑक्सिजन तिथेच गळत असतो, सिलेंडर संपलेला असतो. साधा मास्क ५ लिटरच्या खाली ठेवू नका, सोडलेलाच श्वास पेशंट परत आत घेतो.

जुना सीओपीडीचा (फुफ्फुसांच्या दीर्घ आजाराचा) पेशंट असेल तर उलट बाजूनेही विचार करा. त्याचं सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२च्या मध्ये ठेवायचं असतं. कुणीतरी काळजीपोटी ऑक्सिजन वाढवलेला असतो, आकडा ९९ दिसतो, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. आधी डोकं दुखतं, चिडचिड होते. हात पुढे पसरून पंजे वर धरायला सांगितले तर ते फडफडतात. मग गुंगी येते, आणि ‘चला, शांत झोपला एकदाचा’ म्हणून आपण पुढे जातो. या पेशंटला चिडचिडीच्या वेळी झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्याचा श्वास बंद पडू शकतो. इतकं हे गंभीर आहे.

मग शुगर. घाम, थरथर, भांडण, असंबद्ध बोलणं. ७०च्या खाली आकडा आला की उत्तर मिळालं. मूळ कारण बहुतेक वेळा संध्याकाळीच घडलेलं असतं: इन्सुलिन वेळेवर दिलं, ताट अर्धं परत गेलं, आणि अर्धं परत गेल्याचं कुणी लिहिलं नाही. किंवा सकाळच्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं आणि इन्सुलिनचा डोस तसाच राहिला. नीट गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायचं. २५ टक्क्यांचं १०० मिली म्हणजे २५ ग्रॅम साखर जाते. शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, त्यातून किडनी कमजोर असेल, तर शुगर सुधारल्यावरही तासा-दोन तासांनी पुन्हा घसरते. एकदा १२० आली म्हणून ग्लुकोमीटर ठेवून देऊ नका.

लघवीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला पेशंट ‘लघवीला जायचंय’ म्हणून उठतो आणि आपलं उत्तर ठरलेलं असतं: ‘नळी लावलीय बाबा, त्यातच होते.’ होत असते का, हे आधी बघा. नळी मांडीखाली दबलेली असते, तिला पीळ पडलेला असतो, कूस बदलताना युरोबॅग (लघवी साठवणारी पिशवी) पलंगावर ठेवली ती तिथेच राहिलेली असते. बॅगेत दहा वाजता किती होतं आणि आता किती आहे, यातला फरक काढा. फरक शून्य असेल तर ओटीपोटावर हात ठेवा. गच्च गोळा लागला आणि दाबल्यावर पेशंट कळवळला, तर तो खरं बोलत होता. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी अडकून हे हमखास होतं.

कॅथेटर नसलेल्याचंही तेच. दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब लघवी करून चादर ओली करणारा माणूस मुद्दाम करत नाही. मूत्राशय तुडुंब भरून वरचं वाहतंय, असं असू शकतं. आणि चार दिवस शौचाला झालेली नसेल तर म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरायला तेवढंही पुरतं. दुखण्यासाठी ट्रामाडोल किंवा मॉर्फिन चालू असेल तर शौचाची नोंद आवर्जून बघा.

मूत्राशयात नळी धरून ठेवणारा फुगा तसाच असताना कॅथेटर ओढून काढला गेला तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. १० मिलीचा फुगा मूत्रमार्ग फाडत बाहेर येतो. म्हणून नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, थोडी सैल ठेवून. आणि राउंडला विचारा की ही नळी अजून लागतेय का. लघवी मोजायची सोय होते, एवढ्यासाठी ठेवलेला कॅथेटर म्हणजे पेशंटला पलंगाला बांधलेली दोरीच.

वेदना. गोंधळलेला पेशंट ‘दुखतंय’ म्हणत नाही, तो ड्रेसिंग उचकटतो. आणि केसपेपरवर पॅरासिटामॉल ‘गरज लागल्यास’ लिहिलेलं असतं. ज्याला मागता येत नाही त्याला ‘गरज लागल्यास’ लिहिलेलं औषध मिळतच नाही. ते ठरलेल्या वेळांना लिहून घ्या. एवढ्या एका बदलाने कित्येक रात्री शांत जातील असं माझं ठाम मत आहे.

औषधांच्या तक्त्यावरही नजर टाका. खाज आली म्हणून फेनिरामिन, झोप येत नाही म्हणून प्रोमेथाझिन: साठीपुढच्या माणसाला ही औषधं दिली की तोंड कोरडं पडतं, लघवी अडते आणि भ्रम होतो. आणि दारू. रोज पिणाऱ्याचा शेवटचा पेग झाल्यापासून सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि भिंतीवर किडे दिसणं, प्रचंड घाम, ताप हे साधारण ४८ ते ९६ तासांत येतं. म्हणून पाय मोडून आलेला पेशंट पहिल्या रात्री गुणी असतो आणि तिसऱ्या रात्री सलाईनचा स्टँड उचलतो. दारूबद्दल विचारायचं ते नातेवाइकांना बाजूला पाठवून विचारा. या पेशंटला मात्र लोराझेपाम किंवा डायझेपाम हाच उपचार आहे, आणि थायमिन (बी१ जीवनसत्त्व) हवंच. बाकीच्या भ्रमात हीच औषधं गोंधळ वाढवतात. वरून दोघं सारखेच दिसतात, त्यामुळे ‘काहीतरी झोपेचं द्या’ असा फोन करणं धोक्याचं आहे.

भ्रम आहे की नाही हे ताडायला एक मिनिट लागतं. महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. सात महिन्यांपर्यंत नीट पोचला तर लक्ष शाबूत आहे. नोव्हेंबरलाच हरवला, किंवा प्रश्न विसरून छताकडे बघायला लागला, तर डॉक्टरला सांगा. हीच चाचणी न बोलता पडून राहणाऱ्या पेशंटवरही करा. भ्रमाचा एक प्रकार असा आहे की माणूस गप्प होतो, हाक मारली की डोळे उघडून परत मिटतो. तो काहीच त्रास देत नाही, म्हणून सकाळपर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. मला ओरडणाऱ्यापेक्षा याची भीती जास्त वाटते.

आता हात बांधण्याबद्दल. कधीच बांधू नयेत, असं मी म्हणत नाही. व्हेंटिलेटरची नळी ओढू पाहणाऱ्याला क्षणभर थांबवावं लागतं. पण वॉर्डात बांधलेले बहुतेक हात माणसं कमी असल्यामुळे बांधलेले असतात, आणि ते आपण मान्य करायला हवं. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो, मनगट सोलतं, पाठीला जखम होते, उताणं असताना उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. बांधायचंच असेल तर डॉक्टरची लेखी ऑर्डर आणि कारण हवं. पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी, आणि ती पलंगाच्या सांगाड्याला मारायची, कठड्याला नाही. कठडा खाली केला की हात पिरगळतो. बोटांचा रंग आणि गारवा दर १५ मिनिटांनी बघायचा, दर दोन तासांनी सोडून हात हलवायचे, पाणी आणि लघवी विचारायची. हे करायला माणूस नसेल, तर बांधायलाही माणूस नाही असंच समजा.

उंच कठड्यांचंही तसंच आहे. गोंधळलेला माणूस कठडा बघून थांबत नाही, तो त्यावर चढतो आणि अर्धा मीटर जास्त उंचीवरून पडतो. पलंग सगळ्यात खाली घ्या, चाकं लॉक करा, संडासाच्या वाटेवर एक मंद दिवा ठेवा. रात्री बरेच पेशंट लघवीला उठतानाच पडतात, म्हणून दहा, दोन आणि पाचला स्वतःहून विचारा. फ्युरोसेमाइडची (लघवी वाढवणाऱ्या औषधाची) दुसरी गोळी रात्री आठला लिहिली असेल तर वेळ बदलून मागा. तिचा परिणाम सहा-आठ तास राहतो, ती दुपारी चारच्या आत गेलेली बरी.

सलाईनची सुई कोपराच्या घडीत असेल तर हात दुमडला की पंप वाजतो, पंप वाजला की पेशंट दचकतो, आणि मग नळी ओढतो. ती सुई कोपराच्या खाली, कमी वापरातल्या हातात घ्या आणि वरून लांब बाही किंवा बँडेज ठेवा. जे डोळ्यांना दिसत नाही ते कमी ओढलं जातं. चष्मा आणि कानाचं यंत्र लॉकरमध्ये ठेवून ‘ऐकतच नाही’ म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने हॉस्पिटलच्या खोलीत रात्री आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असं सुचवलंय. साधं बोलणंच ६०च्या घरात जातं. बाराला बीपी, एकला इंजेक्शन, दोनला तापमान आणि चारला रक्त असं तुकड्यातुकड्यांत न उठवता एका फेरीत करा.

सगळे राग आजारामुळे येत नाहीत, हेही खरं. शुद्धीत असलेला, सगळं समजणारा पेशंट अंगाला हात लावत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर ते सहन करणं आपल्या नोकरीत बसत नाही. पहिल्याच वेळी स्पष्ट शब्दांत सांगा, त्या बेडपाशी दोघींनी मिळून जा, आणि तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहा. हात उगारणाऱ्याशी एकानेच बोलायचं, दोन हात अंतरावर, थोडं तिरकं उभं राहून, पाठ दाराकडे. स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवा.

नातेवाइकांचा रागही बहुतेक वेळा कुणी काही सांगितलेलं नसल्याचा असतो. घरच्यांपैकी एकाला ठरवून घ्या आणि त्याला वेळ सांगा: ‘तीन वाजता परत शुगर बघते आणि तुम्हाला सांगते.’ मग तीनला खरंच जा. दर पाच मिनिटांनी बेल वाजवणाऱ्यालाही हाच उपाय लागू पडतो. परत कधी येणार ते सांगा, आणि सांगितल्याच्या दोन मिनिटं आधी पोचा.

आणि नोंद. ‘इरिटेबल’ लिहू नका, दिसलं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘०२:३५. सलाईन दोनदा ओढली, स्वतःचं नाव सांगतात, जागा सांगता येत नाही, संध्याकाळी सात वाजता सांगत होते. श्वास २६, सॅच्युरेशन ९१, शुगर १४२, ताप १००.८. दहापासून युरोबॅगेत ३० मिली, ओटीपोट गच्च. ०२:४० डॉक्टरांना फोन.’ फोनवरही हेच, याच क्रमाने, आणि शेवटी काय हवंय ते: ‘तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.’ उत्तरात औषध सांगितलं तर नाव, मात्रा आणि मार्ग परत वाचून दाखवा. हॅलोपेरिडॉल (भ्रमात शांत करायचं औषध) सांगितलं तर वयस्कर माणसाला अर्धा मिलिग्रॅमपासून सुरुवात आहे ना, ईसीजी झालाय का आणि पेशंटला पार्किन्सन तर नाही ना, हे तिथल्या तिथे विचारा. पहाटे तीन ते पाचमध्ये फोनच्या दोन्ही टोकांना झोप अनावर झालेली असते, म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून ड्युटी टेबलाच्या काचेखाली ठेवलेले बरे.