‘फोर-केच्या जमान्यात भंगार विकतात’ : एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुमच्या तक्रारी तीन आहेत. ब्लू-रे प्लेयर (डीव्हीडीपेक्षा जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क चालवणारा) मागितला तर वापरलेला डीव्हीडी प्लेयर गळ्यात मारला, घरी लावल्यावर चित्र काळं-पांढरं आलं, आणि दुकानातल्या मुलाने फोनवर नीट ऐकून घेतलं नाही. मुलाला विचारलं. तो म्हणतो, तुम्ही त्याला तोंडच उघडू दिलं नाहीत. त्यात मी पडत नाही.

चित्राचं आधी सांगतो. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला. टीव्हीच्या पाठीमागे हिरव्या सॉकेटमध्ये जुन्या वायरीची पिवळी पिन खोचलेली आहे, आणि आम्ही दिलेली हिरवी-निळी-लाल वायर शेजारी पाकिटातच पडली आहे, रबरबँडसकट! हिरवं सॉकेट फक्त उजेड-अंधार घेतं. रंगांचा हिशेब निळ्या आणि लालमधून येतो. पिवळ्या वायरीत सगळं एकत्र असतं, ते हिरव्यात घातलं की रंग जाणार आणि वर बारीक ठिपके दिसणार. प्लेयरला काही झालेलं नाही. पाकीट फोडा आणि रंगाला रंग लावा. लाल सॉकेटं मात्र दोन असतात, एक चित्राचं, एक आवाजाचं. आवाजाचं लाल पांढऱ्याच्या शेजारी असतं. चेहरे हिरवट दिसले आणि स्पीकर घरघरला, तर दोन लालांची अदलाबदल झाली समजा. आणि रिमोटवरचं पी-स्कॅनचं बटण कृपा करून दाबू नका. तुमचा २९ इंची ट्यूबचा टीव्ही साधाच सिग्नल घेतो, ते दाबलं की चित्र फाटतं. आम्ही ते बंद करूनच दिलं होतं.

आता ब्लू-रे. विकला असता तर मला जास्त पैसे मिळाले असते, हेही लिहा की रिव्ह्यूमध्ये. पण तुमच्या टीव्हीला एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हींना असतं ते चित्र-आवाजाचं एकच सॉकेट, नाही. ब्लू-रे डिस्कचं चित्र जुन्या रंगीत सॉकेटांतून बाहेर द्यायचं नाही, असा कॉपी-संरक्षणाच्या लायसन्सचा नियम २०१३ संपल्यापासूनच्या प्लेयरना लागू आहे. म्हणजे नवा प्लेयर घरी नेऊन जोडणार कुठे? मध्ये कन्व्हर्टरची डबी लावता येते, लॅमिंग्टन रोडवर पावलापावलावर मिळते. पण ती १९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र पिळून पुन्हा त्याच एका पिवळ्या वायरीत कोंबते, आणि कॉपी-संरक्षणावर अडली तर पडदा काळाच. हिरव्या-निळ्या-लाल वायरीने साध्या डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ तुमच्या ट्यूबवर त्याहून स्वच्छ दिसतं. तसा आउटपुट असलेला चांगला प्लेयर आज वापरलेलाच मिळतो. ‘वापरलेला, लेन्स नवीन’ हे बिलावर मराठीत लिहिलेलं आहे, बघा.

आणखी एक, जे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाही. तुम्ही पिशवीभर व्हीसीडी घेऊन आला होतात, बहुतेक मराठी नाटकांच्या. बरेच ब्लू-रे प्लेयर व्हीसीडी वाचतच नाहीत. या प्लेयरवर आम्ही त्यातल्या दोन तुमच्यासमोर चालवून दाखवल्या, एकीवर ओरखडा होता तरी चालली. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८चं, त्यामुळे ते कुठल्याही प्लेयरवर मऊच दिसणार. हे तेव्हाही सांगितलं होतं.

पुढे कधी एचडीएमआयवाला टीव्ही घेतलात तर ब्लू-रे जरूर घ्या, तेव्हा मीच काढून देईन. फक्त दुबई-लंडनहून डिस्क मागवण्याआधी रीजन बघा, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालते ते. आपल्याकडचा ब्लू-रेचा रीजन सी, युरोपचा बी.

हे सगळं वाचूनही प्लेयर परत करायचा असेल तर बिल, रिमोट आणि ती न उघडलेली वायर घेऊन या, पैसे परत देतो. दुपारी ३ नंतर आलात तर गर्दी कमी असते आणि मागच्या खोलीतला ट्यूब टीव्ही लावून बघता येईल. रविवारी बंद.