गॅलिलिओला जाळलं नव्हतं, आणि त्या फॉरवर्डमधलं बाकीचंही तपासून बघा

गेल्या पंधरा दिवसात एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला, बिल्डिंगच्या, शाळेच्या, एकदा तर आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पोरांच्या ग्रुपवर पण. त्यात चार दावे आहेत. चर्चने गॅलिलिओला जिवंत जाळलं. कॅथलिक माणूस खरा वैज्ञानिक होऊच शकत नाही. बिग बँग आणि उत्क्रांती मानायला कॅथलिकांना बंदी आहे. आणि श्रद्धा नि विज्ञान असा विषय घेऊन बसणारे शिकलेले कॅथलिक फक्त विज्ञानात देवाचा पुरावा शोधत असतात. आम्ही सात जण माहीमला महिन्यातल्या एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर याच विषयावर बसतो, त्यात शिकवणारे आहेत, रिसर्च करणारे आहेत, एक फादर आहेत, त्यामुळे मला गप्प बसवेना.

पहिला दावा सरळ चूक. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओवर खटला चालला, पृथ्वी फिरते हे मत त्याला गुडघे टेकून मागे घ्यायला लावलं आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. जाळलं ते इटलीतला तत्त्वचिंतक जोर्दानो ब्रुनोला, १६०० साली, आणि त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्मसिद्धांतांचे होते, पण म्हणून माणसाला जाळणं कणभरही कमी भयानक होत नाही. गॅलिलिओच्या बाबतीत चर्च चुकलं, हे १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे मान्य केलं, म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त उशिरा. हे आम्ही लपवत नाही. पण जे घडलं तेच पुरेसं वाईट आहे ना, मग त्यात न घडलेलं कशाला घालायचं?

दुसऱ्या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्याचं उत्तर मुंबईतच धोबी तलावला आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून, कुठे सापडली, कधी, कोणी गोळा केली ते लेबलवर लिहून जपून ठेवलेल्या. नाव आहे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचं, येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू, मूळचे स्विस. त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव स्पेनचे, तेही येशूसंघीय, त्यांनी खंडाळ्याच्या घाटातल्या वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहिलं, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्यातली एक जण बॉटनी शिकवायची, ती सांगते की असा एक कागद नीट वाचला तर शंभर वर्षांपूर्वी त्या डोंगरावर काय उगवत होतं ते कळतं, आणि हे काम करणारा माणूस सकाळी मिस्सा करून मग फुलाच्या पाकळ्या मोजायला बसत होता. जगातली नावं तर सगळ्यांना माहीत असतात, वाटाण्यावरून आनुवंशिकतेचे नियम काढणारा मेंडेल मठात राहणारा व्रतस्थ होता, आणि कोपर्निकस चर्चच्याच नोकरीत होता. आता इतके धर्मगुरू वैज्ञानिक झाले म्हणून देव आहे असं सिद्ध होत नाही, तसं मी म्हणतही नाही, पण "होऊच शकत नाही" हे नक्की खोटं ठरतं.

तिसरं पटकन सांगते. डार्विनचं जीवजातींच्या उत्पत्तीवरचं पुस्तक रोमच्या बंदी असलेल्या पुस्तकांच्या यादीत कधीच नव्हतं. मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करायला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच मोकळीक दिली, आत्मा मात्र देवच निर्माण करतो ही अट ठेवून. १९९६ मध्ये जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती आता नुसती कल्पना राहिलेली नाही. बायबलमधले सहा दिवस चोवीस तासांचेच धरायचे अशी सक्ती कॅथलिकांवर नाही, संत ऑगस्टीन तर पाचव्या शतकातच त्याच्यावर डोकं खाजवत होते.

चौथा दावा थेट आमच्यावर आहे, त्याला उत्तर जॉर्ज लमेत्र यांचं. बेल्जियमचे हे धर्मगुरू, विश्व पसरतंय हे त्यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडलं, नंतर सगळं एका आदिम अणूपासून सुरू झालं ही कल्पनाही त्यांचीच, म्हणजे बिग बँगचं मूळच एका कॅथलिक धर्मगुरूकडे जातं. १९५१ मध्ये पोप पायस यांनी भाषणात या सिद्धांताचा आधार निर्मितीच्या श्रद्धेला जोडला तेव्हा लमेत्र खूश झाले नाहीत, उलट अस्वस्थ झाले, आणि पोपनी पुढे असं बोलू नये म्हणून त्यांनी प्रयत्न केले. सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याच्यावर देवाला टांगून ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्याच बैठकीत आम्ही हे वाचलं आणि तेव्हापासून कोणी "बघा, विज्ञानानेच सिद्ध केलं" असं बोलायला लागलं की फादरच आधी थांबवतात.

मग आम्ही करतो काय? गेल्या महिन्यात चमत्कारांवर बसलो होतो. आजार अचानक बरा झाला आणि डॉक्टरांना कारण सापडलं नाही, तर "कारण माहीत नाही" आणि "देवाने केलं" यात किती अंतर आहे, यावर दोन तास गेले, फिजिक्सवाला एकीकडे, फादर दुसरीकडे आणि मी मध्येच अडकलेली, कारण माझी आई अशीच बरी झाली होती आणि मी तेव्हा नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, पण करत होते आणि रोज रिपोर्ट पण वाचत होते. उत्तर निघालं नाही. येत्या रविवारी परत तोच विषय घेतलाय.