आठ डॉलर आणि अर्ध्या मैलाची भिंत

रविवारी आईने चष्मा लावून एक मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला आणि वर म्हणाली, "बघ, किती बरोबर लिहिलंय!" मिशिगनच्या मामाने घरच्या ग्रुपवर टाकलेला. सार असं: अमेरिकेतली गुलामी 1865 साली संपली, दीडशे वर्षं उलटली तरी काळे लोक रडतायत, आपण भारतीय खिशात आठ डॉलर घेऊन गेलो आणि बंगले बांधले, मार्टिन ल्यूथर किंगसुद्धा म्हणाले होते की रंग बघू नका, म्हणजे फरक फक्त मेहनतीचा. खाली जोडलेले हात आणि "दहा जणांना पाठवा". याआधी तीनदा आला तेव्हा मी गप्प बसले. आता आईच पटवून घ्यायला लागली म्हणून लिहितेय.

1865 चं आधी उरकते. गुलामी कायद्याने संपली, पण त्याच तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तमजुरी चालू ठेवली. दक्षिणेत मग किरकोळ आरोपांवर माणसं पकडून कैदी म्हणून खाणी-मळ्यांना भाड्याने दिली. मताचा हक्क 1870 मध्ये कागदावर मिळाला. 1964 साली मिसिसिपी राज्यात पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम 7 टक्क्यांची मतदारयादीत नोंद होती. दीडशे वर्षं कुठून मोजता?

आठ डॉलर मात्र खरे, कबूल. परकीय चलनाची टंचाई होती, त्यामुळे तेवढेच हातावर पडायचे. मामाने ढोर मेहनत केली हेही खरं. पण आठ डॉलरबरोबर बॅगेत इंजिनिअरिंगची पदवी होती, सरकारी कॉलेजातली, नाममात्र फीची. आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे? आजोबांनी पार्ल्यातल्या दोन खोल्या गहाण टाकल्या होत्या. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, मेसेजमध्ये तेवढं नाही.

शिवाय मामाला आत घेतलं कसं? 1917 च्या कायद्याने भारतीयांना दार बंद झालं होतं. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या माणसाला, सांगितलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. 1946 नंतर वर्षाला 100 भारतीय, बस. दार खऱ्या अर्थाने उघडलं 1965 च्या कायद्याने. अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या त्याच वर्षी, त्याच हवेत. मतदान हक्काचा कायदाही त्याच साली त्याच संसदेने केला. नव्या कायद्यात शिकलेल्यांना अग्रक्रम होता. म्हणजे चाळणीतून निवडून नेलेली माणसं घ्यायची, त्यांची तुलना अख्ख्या समाजाशी करायची आणि वर मेहनतीचं प्रवचन द्यायचं.

आता बंगले. माझं डोकं खरं फिरलं ते इथे. पार्ल्याच्या दोन खोल्यांनी आमच्या घराण्याचं काय केलं ते वर आलंच. तशा दोन खोल्या घेऊच द्यायच्या नाहीत असं सरकारी धोरण असतं तर? अमेरिकेत ते होतं, आणि छापलेलं होतं. घरकर्जाला हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या 1938 च्या नियमपुस्तिकेत सरळ लिहिलंय की वस्तीचं स्थैर्य टिकायचं तर तिथे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाची माणसं राहत गेली पाहिजेत. हे कुणा वंशद्वेष्ट्याचं भाषण नव्हे, साहेबाच्या टेबलावरचं पुस्तक.

याचा नमुना मामाच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर उभा आहे. डेट्रॉइटच्या एट माइल रस्त्यालगत कृष्णवर्णीयांची वस्ती होती. त्यांच्याकडे जमिनी होत्या, पण बांधायला कर्ज मिळेना. शेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. वस्ती एवढी जवळ म्हणून त्यालाही हमी नाकारली. 1941 मध्ये त्याने मध्ये भिंत घातली: सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. भिंत झाली, कर्ज मंजूर! दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनाही हेच. 1947 साली मिसिसिपीत सरकारी हमीची 3,229 कर्जं दिली गेली, त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना दोन. दोनशे नाही, दोन. घर देताना-विकताना असा भेदभाव करायला बंदी आली 1968 मध्ये. तोवर गोऱ्यांच्या घरांच्या किमती चढत गेल्या, पोरं त्यावर कॉलेजात गेली, आणि भिंतीपलीकडच्यांना मेसेज पाठवायला आपण आहोतच.

राहिले किंग. ज्या भाषणातलं रंगाचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, त्याच भाषणात अमेरिकेने आम्हाला न वटणारा चेक दिलाय असंही ते म्हणाले. ते भाषण 1963 च्या वॉशिंग्टनच्या मोर्चातलं, आणि त्या मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्याही आधी नोकऱ्या होत्या. आणि मारले गेले तेव्हा ते मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आईने मात्र विचारलं, "अगं, ती भिंत पाडली का मग?"

नाही. आहे अजून. 2006 मध्ये लोकांनी तिच्यावर चित्रं रंगवली.