तीट नंतर लावा की, आज्जी!

तान्ह्या बाळाचे फोटो घरी जाऊन काढायचे तर पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत. या काळात ते दिवसाचे 16-17 तास झोपतं आणि पोटात होतं तसं अंग मुडपून घेतं. पुढे पाय ताणायला लागतं, गालांवर पुटकुळ्या येतात. पण नेमकं याच दिवसांत बेळगाव-खानापूरकडच्या घरात पाचवी असते, बारसं असतं, कोल्हापूरची आत्या आणि हुबळीची मावशीही असते. झोपलेलं एकटं बाळच.

फोटो म्हणून सगळे बाळाला नटवतात आणि त्या नटण्यानंच फोटो बिघडतो. तेलानं चपचपलेल्या कपाळावर अख्खी खिडकी पांढरी चमकते. काजळ पसरलं की बाळ मारामारी करून आल्यासारखं दिसतं. ओवा-वावडिंगाच्या धुरीनं खोलीभर धुकं होतं, रंग फिके पडतात. डॉक्टरांना काजळ आणि धुरी दोन्ही मान्य नाहीत, पण आज्जी आणि डॉक्टर यांच्या मध्ये मी पडत नाही. मी फोटोवाला, फक्त क्रम बदलून मागतो: आधी फोटो, मग नटणं.

मालिश आणि कोमट पाण्याची अंघोळ मात्र हवीच. ते तेल पुसून काढायचं, बाळाला पोटभर पाजायचं, ढेकर काढायची आणि वीसेक मिनिटं थांबायचं. दिवसातली सगळ्यात गाढ झोप हीच. परीक्षा सोपी आहे: हात हलकेच उचलून सोडावा. सैल पडला तर कामाला लागा. मूठ घट्ट असेल तर चहा घ्या, पण पलीकडच्या खोलीत. पापण्यांखाली डोळे हलत असतील तर झोप उथळ. हसू येतं ते मात्र याच झोपेत. आज्जी म्हणते, सटवाई हसवते. सटवाई कुणासाठी थांबत नाही, म्हणून फोकस आधीच लावून ठेवायचा आणि शटरचा वेग 1/200 सेकंदाच्या खाली आणायचा नाही, नाहीतर हललेलं हसू धूसर येतं.

उघड्या बाळाला खोली 26-27 अंश लागते. म्हणजे पंखा बंद. बाळ सुखात, फोटोवाला घामात, आणि वरून अळीवाचा लाडू: "घ्या की, गरम असतोय."

ट्यूबलाइट बंद करायला सांगितलं की घरात कुजबुज होते. पण ट्यूब आणि ऊन एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. भिंत पोपटी असेल तर बाळही पोपटी. त्या भिंतीला पांढरी चादर लावावी. उजेड डोक्याकडून तिरका यावा. पायाकडून आला तर नाकाची सावली वर चढते आणि गोंडस बाळ भुताटकीतलं वाटतं. खानापूरकडच्या कौलारू घरांत खिडकी लहान असते, पण एखादं काचेचं कौल असतं. त्याच्या उन्हाचा कवडसा सरकत सरकत बाळाच्या डोळ्यांवर येतो. त्याच्याखाली पांढरं धोतर ताणून बांधलं की उजेड मऊ होतो. पावसाळ्यात तिथं अकरा वाजताही संध्याकाळ. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, 1600 च्या वरच.

आवाजाची भीती मात्र फुकट. बेळगावच्या वडगाव-शहापुरात विणकरांच्या मागाच्या खडखडाटात बाळं निवांत झोपतात. वीज गेली, माग थांबले, की शांततेनं दचकून उठतात. शेजारीण दारातून "हगूर, हगूर" (कानडीत हळू, हळू) म्हणत येते, तिच्या त्या दबक्या आवाजानंही उठतात.

मग मोबाईल पुढे येतो: "असा पायजे." त्यात बाळ दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकून बसलेलं. ते दोन फोटो जोडलेले असतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. मी घरी तसलं करत नाही. बुट्टी, म्हणजे टोपली, चालते, पण तळाशी दोन किलो जोंधळ्याची पिशवी, वर घडी घातलेली दुलई, बुट्टी जमिनीवर आणि आईचा हात वीतभर अंतरावर. गुंडाळायला जुनं सुती लुगडं उत्तम. छातीशी नीट, गुडघ्यांशी सैल. पाय सरळ करून आवळले तर खुब्याच्या सांध्याला धोका.

एडिटिंगमध्ये पुटकुळ्या काढतो, जन्मखूण ठेवतो. काविळीचा पिवळेपणा थोडा उतरवतो. "जरा गोरं करा की" याला माझ्याकडे बटण नाही. तीट मात्र घालावी लागते. फोटो व्हॉट्सॲपवर जाणार, शंभर डोळे बघणार, आणि गाल रिकामा? म्हणून एडिटिंगमध्ये तिटेचा वेगळा लेयर, म्हणजे हवा तेव्हा लपवता येणारा थर, करतो: आईच्या फोटोत बंद, आज्जीच्या फोटोत चालू.