हेडसेट यूएसबीचा, उपाय भलत्याच साऊंडकार्डाचे

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी मावशीकडून, असा एकच फॉरवर्ड मला तीनदा आला. डेस्कटॉपला लावलेल्या यूएसबी हेडसेटचा आवाज गेला तर दुकानात जाऊ नका, हे सहा उपाय करा, असा त्याचा मथळा. उपाय थोडक्यात असे. रिअलटेकचा ऑडिओ ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवता यावं यासाठीचं सॉफ्टवेअर) काढून नवा टाका. पुढचा पोर्ट वापरू नका, मागच्या निळ्या पोर्टात लावा. हेडसेट विंडोजला दिसतोय पण ऐकू येत नाही, म्हणजे तो जळालाय. खरखर येते म्हणजे करंट कमी पडतोय, हब (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी) घ्या. कॉलचा आवाज येतो पण गाण्याचा येत नाही, तर विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारा. आणि एवढं करून जमलं नाही तर ड्रायव्हर अपडेट करणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्या, खाली लिंक आहेच.

नाशिकच्या माझ्या मावसभावाने यातलं पाचवं कलम एका शनिवारी अमलात आणलं. रविवारी सकाळी त्याचा फोन. "दादा, फॉरमॅट मारला, सगळं नव्याने टाकलं, तरी हेडसेट मुकाच." त्याचा आवाज कुठे गेला होता ते पुढे सांगतो. आधी पहिलं कलम, कारण बाकीच्या बऱ्याच चुका तिथूनच निघतात.

मदरबोर्डवर जी ऑडिओ चिप असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक असेंबल्ड पीसीत ती रिअलटेकचीच असते, ती कॅबिनेटच्या हिरव्या-गुलाबी गोल जॅकांचा कारभार पाहते. संगणकातले आकडे कानाला ऐकू येतील अशा विजेच्या लहरींत बदलायचे, हे तिचं काम. गोल पिनेचा हेडफोन लावला तर त्या लहरी तयार होऊन वायरीत येतात. यूएसबी हेडसेटमध्ये मात्र हे काम करणारी चिप हेडसेटच्याच पोटात असते, कधी कानाच्या वाटीत, कधी वायरवरच्या त्या छोट्या डबीत. संगणक यूएसबीवरून नुसते आकडे पाठवतो, त्यांचा आवाज हेडसेट स्वतः करतो. म्हणजे यूएसबी हेडसेट विकत घेतला तेव्हा तुम्ही एक स्वतंत्र साऊंडकार्डच विकत घेतलंत. रिअलटेकचा ड्रायव्हर काढा, घाला, उलटा टांगा, या वाटेवर ती चिप येतच नाही. शेजारच्या नळाचा वॉशर बदलून आपल्याकडे पाणी येत नसतं.

खात्री करायची असेल तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, उघडा आणि आवाजाच्या उपकरणांचा गट पाहा. रिअलटेक एका ओळीत दिसेल, हेडसेट दुसऱ्या. हेडसेट उपटला की त्याचीच ओळ जाते.

मग हेडसेटला ड्रायव्हर लागतो की नाही? लागतो, पण तो विंडोजमध्ये आधीच असतो. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचा प्रमाणित नियम 1998 साली ठरला आणि साधे हेडसेट आजही तोच पाळतात. त्याची दुसरी आवृत्ती 2006 ची, आणि तिचा ड्रायव्हर विंडोज 10 मध्ये 2017 च्या अपडेटपासून आहे. म्हणून तर हेडसेटच्या खोक्यात सीडी नसते.

दुसरं कलम, पोर्टाचं. इथे मला थोडं थांबायचंय, कारण हा उपाय पुष्कळदा खरंच लागू पडतो. पण फॉरवर्ड सांगतो त्या कारणाने नाही.

निळा पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी 3, वेग सेकंदाला 5 गिगाबिट. आता हेडसेटची भूक किती ते बघा. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, म्हणजे मोजून घेतलेले आकडे, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार केला तर सुमारे दीड मेगाबिट. जुन्या यूएसबीच्या 12 मेगाबिटांतही हे आरामात बसतं. शिवाय निळ्या पोर्टात नऊ तारांची सोय असली तरी साध्या हेडसेटच्या पिनेत चारच तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. निळ्या पोर्टातही तो त्याच जुन्या चार संपर्कांवर चालतो. उरलेले पाच नुसते बघत बसतात.

मग पोर्ट बदलला की आवाज का येतो? बऱ्याच हेडसेटना स्वतःचा अनुक्रमांक नसतो. अनुक्रमांक नसलेलं उपकरण विंडोज कशावरून ओळखतं, तर कुठल्या पोर्टात लावलंय त्यावरून. तोच हेडसेट दुसऱ्या पोर्टात लावला की विंडोजच्या लेखी नवा पाहुणा आला. नावाच्या आधी '2-' किंवा '3-' लागलेला तुम्हीही पाहिला असेल, तो यामुळेच. नव्या पाहुण्याला नवी सेटिंग्ज मिळतात. जुन्या नावाखाली कोणी म्यूट केलं असेल, व्हॉल्यूम शून्यावर नेला असेल किंवा उपकरणच डिसेबल केलं असेल, तर ते सगळं जुन्या पोर्टाच्या खात्यात राहतं आणि नवा पाहुणा बहुधा थेट डिफॉल्टच्या, म्हणजे आवाज आपोआप जिथे जातो त्या, पाटावर बसतो. आवाज येतो, आणि आपण म्हणतो, पुढचा पोर्ट खराब होता! चार दिवसांनी कोणीतरी पेन ड्राइव्ह लावायला हेडसेट काढून पुन्हा पुढे लावतं आणि आवाज परत गायब.

पुढचे पोर्ट कधीच दोषी नसतात असं माझं म्हणणं नाही. कॅबिनेटच्या तोंडापासून मदरबोर्डपर्यंत एक वायर जाते, आणि साफसफाईत ती ढिली झालेली मी स्वतः बसवली आहे. पण तसं असेल तर त्याच पोर्टात माऊस किंवा पेन ड्राइव्हही अडखळेल. तेवढं तपासायला अर्धं मिनिट लागतं.

बिनतारी हेडसेटवाल्यांना तर हा सल्ला उलटा भोवू शकतो. पोर्टात खोचायचा बोटाच्या पेराएवढा डोंगल असलेले हे हेडसेट बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी 3 चालू असताना नेमक्या त्याच पट्ट्यात विद्युत गोंगाट होतो, हे इंटेलने 2012 सालीच एका तांत्रिक टिपणात मांडलंय. निळ्या पोर्टात डोंगल आणि शेजारी हार्ड डिस्क कॉपी होतेय, अशा वेळी आवाज तुटला तर नवल नाही. डोंगल काळ्या, म्हणजे सहसा यूएसबी 2 च्या, पोर्टात न्या, किंवा हातभर एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणा.

तिसरं कलम वाचून किती धडधाकट हेडसेट कचऱ्यात गेले असतील कुणास ठाऊक. विंडोजला हेडसेट दिसतोय याचा अर्थ त्यातली चिप जागी आहे आणि संगणकाशी बोलतेय. प्रश्न एवढाच, की आवाज तिच्याकडे पाठवला जातोय का? हे डोळ्यांनी दिसतं. साऊंड सेटिंग्जमध्ये तळाशी 'मोअर साऊंड सेटिंग्ज' आहे (विंडोज 10 असेल तर 'साऊंड कंट्रोल पॅनेल'). उघडणाऱ्या जुन्या खिडकीत प्लेबॅकच्या टॅबवर सगळ्या उपकरणांची यादी येते. गाणं चालू ठेवून ती पाहा. ज्या नावासमोरची हिरवी पट्टी नाचतेय, आवाज तिथे चाललाय.

मावसभावाला हेच करायला सांगितलं. पट्टी नाचत होती मॉनिटरच्या नावासमोर. त्याच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, पण एचडीएमआय वायरीतून आवाजही जातो, म्हणून विंडोज मॉनिटरलाही आवाजाचं उपकरण मानतं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसला आणि डिफॉल्टचा मान मॉनिटरकडे गेला. फॉरमॅटनंतर त्याने इमानदारीत तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला, मॉनिटर पुन्हा डिफॉल्ट झाला. हेडसेटच्या नावावर राइट क्लिक, डिफॉल्ट करा, संपलं.

पट्टी हेडसेटसमोरच नाचत असेल आणि कानात काहीच नसेल, तर मात्र संगणक सोडून हातातली वस्तू बघायची. वायरवरचं चाक आधी. काही हेडसेटचं चाक विंडोजचाच व्हॉल्यूम हलवतं, पडद्यावर आकडा बदलताना दिसतो. काहींचं चाक हेडसेटच्या आतल्या आत काम करतं. पडद्यावर शंभर आणि चाक शून्यावर, असा संसार चालू असतो. त्यानंतर दुसरा संगणक, किंवा ओटीजीची (फोनला यूएसबी उपकरण जोडायची) पिन लावून अँड्रॉइड फोन. तिथेही गप्प असेल तर मग जळाला म्हणा.

चौथं कलम, खरखर. हेडसेटला वीज फार लागत नाही. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देऊ शकतो, यूएसबी 3 चा 900. करंट कमी पडतो तो उलट स्वस्तातल्या, अडॅप्टर नसलेल्या हबवर, कारण त्याला एका पोर्टाची वीज चार जणांत वाटायची असते. म्हणजे औषध म्हणून हब घ्यायचा, तर निदान अडॅप्टरवाला तरी सांगायचा! शिवाय वीज किंवा जोडणी तुटत असेल तर नुसती खरखर येत नाही. उपकरण निघाल्याचा आणि पुन्हा लागल्याचा विंडोजचा टुंग-टुंग आवाजही अधूनमधून होतो.

खरखरीचं खरं गणित वेळेचं आहे. हेडसेटला दर हजाराव्या सेकंदाला 48 नमुन्यांचा घास मिळावा लागतो. पेन ड्राइव्हवर फाईल कॉपी करताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. आवाजाच्या बाबतीत यूएसबी तसं करत नाही, कारण उशिरा आलेला घास काय कामाचा? चुकला तो चुकला, त्याची टिचकी कानात. हा घास बरेचदा दुसऱ्याच कुणामुळे चुकतो. वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो आणि ऑडिओ रांगेत उभा राहतो. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते दहा मिनिटं चालू ठेवलं की कोण अडवतंय त्याचं नाव दाखवतं. दर थोड्या वेळाने आवाज बंद पडून परत येत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा. वीज वाचवण्यासाठी झोपवलेला पोर्ट कधीकधी नीट उठत नाही.

पाचवं कलम सगळ्यात महागडं, कारण त्यात लोकांचा डेटा जातो. कॉल ऐकू येतो आणि गाणं येत नाही, हे विंडोज बिघडल्याचं लक्षण नाही, विंडोज सांगितलेलं काम करत असल्याचं आहे. त्यात डिफॉल्ट दोन असतात, एक सर्वसाधारण आवाजासाठी आणि एक संभाषणासाठी. मघाच्याच यादीत हिरवी टिकली असते ती पहिल्याची खूण, हिरवा फोन ही दुसऱ्याची. दोन्ही खुणा वेगवेगळ्या नावांवर असतील तर मीटिंग हेडसेटमध्ये आणि गाणं स्पीकरमध्ये. शिवाय 2018 च्या एप्रिल अपडेटपासून विंडोज 10 मध्ये प्रत्येक ॲपला वेगळं उपकरण नेमता येतं. विंडोज 11 मध्ये हे व्हॉल्यूम मिक्सरमध्ये सापडेल. महिन्यापूर्वी कधीतरी ब्राउझर स्पीकरला बांधून ठेवला असेल आणि आपण विसरलो असू. वर झूम, टीम्स यांची स्वतःची स्पीकर निवड आतमध्ये निराळी.

आणि कॉल सुरू झाला की गाणं एकदम बारीक होतं, ही तक्रार तर फॉरमॅटच्या जवळपासही जात नाही. त्याच खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल चालू असताना बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथे मुळातच निवडलेलं असतं. 'डू नथिंग' निवडा.

सहाव्या कलमाबद्दल फार लिहीत नाही. ड्रायव्हर विंडोजमध्ये आहेच, तर अपडेटर आणणार काय? हेडसेट बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं ॲप ही गोष्ट वेगळी. इक्वलायझर, सराउंडचा आभास किंवा फर्मवेअरचं (हेडसेटच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट हवं असेल तर ते त्यांच्याच साइटवरून घ्यावं. फॉरवर्डमधली लिंक मी उघडली नाही. मावशीलाही उघडू नकोस म्हणून कळवलंय.